आधी डाक, मग माणूस

विलेपार्ल्याला लोकलमधून उतरलात की पहिलं काम म्हणजे घड्याळ मागे करायचं. एकोणचाळीस मिनिटं. १९३३चा फेब्रुवारी आहे. बाकी देश प्रमाणवेळेवर चालतो, पण मुंबई शहर अजून आपल्याच वेळेला धरून आहे आणि १९५५पर्यंत ते ती सोडणार नाही. आज तुमचा सगळा हिशेब सूर्यावर आहे, तेव्हा ही मिनिटं ध्यानात असू द्या.

स्टेशनाबाहेर टांगे उभे आहेत. ‘विमानाच्या मैदानावर’ एवढं सांगितलं की पुरतं. वाट भातखाचरांच्या कडेनं जाते. खाचरांत नुसती धसकटं उरलीत. पुढे ताडामाडांची गर्दी, मग कोळीवाड्याच्या बाजूनं वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास, आणि एकाएकी झाडी संपून सपाट, उघडी जमीन. खाली उतरून तिला हात लावून बघा. हा सुकलेला चिखल आहे. भेगा पडलेला, कडेला मिठाची पांढरी रेघ आलेला. पावसाळ्यात भरतीचं पाणी इथे थेट आत शिरतं, म्हणून जून लागला की इथली मंडळी विमानांसकट सगळा बाडबिस्तरा आवरून पुण्याला जाणार आहेत. तिथे त्यांना एक मैदान मिळणार आहे, येरवडा तुरुंगाच्या अगदी सावलीत. आज, तुम्ही जुहूला उभे असताना, गांधीजी त्याच तुरुंगात आहेत आणि आतूनच त्यांनी ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू केलं आहे.

विमानतळाची इमारत शोधू नका. झावळ्यांनी शाकारलेली एक खोली आहे, तेच कार्यालय. विमानं दोन, तीही विलायतेहून जुनी विकत घेतलेली. चार महिन्यांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ला, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे डाक आणून याच चिखलावर उतरवली आणि त्यांचे भागीदार नेव्हिल व्हिन्सेंट ती पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. इंपीरियल एअरवेजचं विमान आठवड्यातून एकदा विलायतेची डाक कराचीत आणतं. तिथून पुढे दक्षिणेपर्यंत ती हवेतून नेणं, एवढाच या मंडळींचा धंदा. सरकारनं अनुदान द्यायला नकार दिला. पैसे मिळतात ते डाकेच्या वजनावर. म्हणून या खोलीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे कोपऱ्यातला वजनकाटा.

त्यावर आधी थैल्या चढतात. लाखेचे शिक्के तपासून एकेक थैली तोलली जाते, आकडा वहीत उतरतो. मग तुमची पाळी. एक विशीतला शिकाऊ मेकॅनिक तुम्हाला हातानंच खुणावतो आणि तुम्ही बॅगेसकट काट्यावर उभे राहता. आकडा मोठ्यानं वाचला जातो, थैल्यांच्या खाली लिहिला जातो, बेरीज होते. तुमच्याबरोबर ट्रंक असेल तर ती इथेच राहील. पुढे या कंपनीच्या पहिल्या वर्षाचा हिशेब लागेल तेव्हा प्रवासी भरतील १५५. वर्षाचे १५५! आज मुंबईच्या मोठ्या विमानतळावर तेवढी माणसं एका विमानातून उतरतात. इथे मात्र तुम्ही त्या १५५ जणांतले एक आहात आणि काट्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला तुम्ही कोण, कुठे निघालात, किती भरलात, हे ठाऊक झालेलं आहे.

आता थांबायचं. कराचीहून डाक आल्याशिवाय तुमचं विमान हलणार नाही. बिनतारी यंत्र नाही, त्यामुळे डाकेचं विमान अहमदाबादहून निघालं की नाही, वाटेत कुठे उतरावं लागलं का, हे सांगणारं कुणी नाही. सगळे उत्तरेकडे बघत बसतात. तोच मुलगा तुम्हाला कपात चहा आणून देतो आणि स्वतः उभ्यानंच पितो. छोट्या विमानतळावरच्या या वाट पाहण्यात एक सारखेपण असतं. कोल्हापूरला, जळगावला, नांदेडला ज्यांनी दिवसातल्या एकुलत्या एका विमानाची वाट पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. तिथे फलकाकडे कुणी बघत नाही. सुरक्षारक्षकापासून चहावाल्यापर्यंत सगळे आभाळाकडे बघत असतात आणि विमान दिसलं की सगळ्यांच्याच चेहऱ्यावर सारखा दिलासा येतो.

आवाज आधी त्या मुलाला येतो. मग तुम्हाला. ठिपका मोठा होतो, विमान वाऱ्याच्या पिशवीकडे नाक करून उतरतं आणि धुरळा खाली बसायच्या आत माणसं धावलेली असतात. कराचीच्या थैल्या या विमानातून त्या विमानात. ‘त्या’ विमानात म्हणजे तुमच्या. तोवर इकडे पेट्रोल भरणं चालू आहे. चार-चार गॅलनचे पत्र्याचे डबे. नरसाळ्यावर मऊ कातडं ताणून धरलेलं, त्यातून गाळून, थेंबही बाहेर न सांडता. पाण्याचा एक थेंब टाकीत गेला तर घाटावर इंजिन बंद पडेल. मुलगा हे कातडं पिळून उन्हाकडे धरून बघतो, परत ताणतो. अहमदाबादला हेच डबे बैलगाडीतून येतात.

तुमचं विमान पुस मॉथ. नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड आणि त्यावर रोगण. टिचकी मारली तर ढोलकीच्या पुडीसारखं वाजतं. इंजिन १२० अश्वशक्तीचं, उलटं बसवलेलं, सिलिंडर खाली लोंबणारे, म्हणजे वैमानिकाला समोरचं दिसावं. पंख डोक्यावर आहेत. “हात त्या दांड्याला धरा,” मुलगा सांगतो, “कापडावर जोर नको. आणि आत गेल्यावर डोकं सांभाळा.” वैमानिक पुढे, तुम्ही त्याच्या मागे, थैल्या तुमच्या पायाशी आणि बाजूला. पाय लांब करायला जागा नाही. एका थैलीवर कोपर टेकवता येतं, तेवढी सोय.

कानांत कापूस घाला. पंख्याला हातानं फिरवून इंजिन चालू होतं. मुलगा ओरडतो, वैमानिक तेच शब्द परत ओरडतो, पातं खाली खेचलं जातं आणि मुलगा उडी मारून मागे सरतो. दुसऱ्या खेपेला इंजिन धरतं. चाकांपुढची लाकडं निघतात. चिखलाच्या भेगा आधी एकेक मोजता येतील अशा, मग रेघा, मग काहीच नाही.

समुद्र उजवीकडे सरकतो. माहीमची खाडी, गिरण्यांची धुरांडी, बंदरातली जहाजं, आणि पलीकडे मिठागरांचे चौकोन. वैमानिकापाशी होकायंत्र आहे, मांडीवर नकाशा आहे आणि डोळे आहेत. वाट सांगणारं दुसरं कुणी नाही. तो आग्नेयेला नाक धरतो. जुहूहून बळ्ळारी सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या थोडी वर, ताशी साधारण शंभर मैलांनी. हिशेब करून बघा: सूर्य मावळायच्या सुमाराला पोहोचायचं आहे आणि बळ्ळारीच्या मैदानावर एकही दिवा नाही.

पनवेल, पेण मागे पडतं. समोर सह्याद्रीची भिंत. शेकडो वेळा बोरघाट चढला असाल, पण घाट असा अंगावर आलेला पाहिला नसेल. विमान चढत राहतं, इंजिनाचा सूर बदलतो, खालची दरी वर यायला लागते. वणव्यानं काळ्या झालेल्या सोंडा, मधेच पळस. आणि माथा ओलांडताच खाली पाणी. केवढं तरी पाणी, डोंगरांच्या बोटांतून पसरलेलं. हे मुळशीचं धरण. अजून नवंच आहे. याचं पाणी खाली भिऱ्याच्या वीजघरात जातं. १९२१मध्ये इथल्या मावळ्यांनी आपल्या भातजमिनींसाठी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि तरीही पाणी चढलं. ज्या टाटांनी हे पाणी अडवलं त्यांच्याच विमानातून तुम्ही ते बघता आहात. वरून फार सुंदर दिसतं. पण ज्यांची खाचरं त्याखाली गेली त्यांच्यापैकी कुणालाही या खिडकीशी बसायला मिळणार नाही, हे आठवलं की नजर पाण्यावर ठरत नाही. विमानाची उंची माणसाला बरंच काही दाखवते आणि बरंच झाकते. मुळशीवरून जाताना तर फारच.

मग राजगड. हे तुमच्या नशिबातलं सुख आहे. सरळ रेषा नेमकी त्याच्याजवळून जाते. खालून चढताना कधीच एका नजरेत न मावणारा गड इथे पुरा दिसतो: मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. संजीवनीची ती लांबलचक दुहेरी तटबंदी उन्हात उजळलेली आहे. शेजारी तोरणा. वैमानिक बोटानं दाखवतो. त्याला हा गड वाटेची खूण म्हणून हवा असतो. तो दिसला म्हणजे रेषा बरोबर आहे.

घाटमाथा संपला की गचके सुरू होतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, विमान उचललं जातं आणि मग पायाखालून काढून घेतल्यासारखं खाली बसतं. पोटात गोळा येतो. क्षितिजाकडे बघत राहा, खाली नको. थैल्या सरकतात, त्यांना गुडघ्यानं दाबून धरा. मांढरदेव, कोरेगाव, मग खटाव-माणचा कोरडा मुलूख. शाळूची पिवळी शेतं आणि मधे नुसतं माळरान. या पट्ट्यात खाली एका राज्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तुम्ही मिनिटांत जाता: औंध, सांगली, जत, जमखिंडी. प्रत्येकाची हद्द वेगळी, जकात वेगळी. वरून एकही हद्द दिसत नाही.

कृष्णा ओलांडली की ऊन तिरपं होतं. विमानाची सावली डावीकडे लांब पळायला लागते. वैमानिक घड्याळाकडे बघतो, सूर्याकडे बघतो, नकाशाची घडी पालटतो. आता त्याच्या खांद्यांकडे तुमचं लक्ष जातं. तो घाईत नाही, पण सैलही नाही. ऐहोळेची देवळं मलप्रभेच्या काठाला कुठेतरी खाली राहतात. मग दगडांचा मुलूख येतो. टेकड्याच टेकड्या, शिळांवर शिळा, आणि उजवीकडे दूर तुंगभद्रेच्या काठी हंपी. नदी मोकळी वाहते आहे. धरणाला अजून वीस वर्षं आहेत.

बळ्ळारी ओळखायला सोपी: सपाटीतून उठलेली प्रचंड कातळी टेकडी आणि तिच्यावर किल्ला. मैदान त्यापलीकडे. एका कोपऱ्यात ओल्या गवताची धुनी पेटवून ठेवली आहे. धूर ज्या बाजूला झुकेल तिकडे वारा, एवढीच इथली व्यवस्था. पहिल्या घिरटीत माणसं बकऱ्या हाकलताना दिसतात. दुसऱ्या घिरटीत विमान खाली येतं. खिडकीतून चाकाच्या दांड्याकडे बघा: त्यावरची चपटी पट्टी वैमानिक आतून कळ ओढून आडवी फिरवतो. वाऱ्याला ती अडते आणि वेग एकदम तुटतो. चाकं टेकतात, उसळतात, टेकतात. सूर्याची कड अजून किल्ल्यामागे आहे.

उतरल्यावर तुम्हाला कुणी ‘या, बसा’ म्हणत नाही, कारण काम आहे. शेपटी उचलायला एक माणूस कमी पडतो. तुम्ही हात लावता. पंख दुमडले जातात, खुंट्या ठोकून दोर आवळले जातात, इंजिनावर कापड चढतं. जमलेल्या गर्दीतली पोरं विमानाला बोट लावून पळतात. डाकेच्या थैल्या पोस्टाच्या माणसाच्या ताब्यात जातात, शिक्के पुन्हा तपासले जातात. हात तेलकट झालेत. प्रवासी म्हणून तुम्हाला याचा राग यायला हवा होता. पण ज्या यंत्रावर तुमचा जीव होता त्याची शेपटी हातानं उचलून पाहिल्यावर मनात जो विश्वास येतो, तो कुठल्याही पाटीवरच्या सूचनेनं येत नाही. माझ्या मते छोट्या विमानतळाची खरी देणगी हीच. सगळं डोळ्यांदेखत होतं. पेट्रोल कुणी गाळलं, थैली कुणी बांधली, खुंटी कुणी ठोकली, हे तुम्हाला माहीत असतं.

रात्री डाकबंगल्यात झोप येत नाही. कानांत इंजिन घुमत राहतं. आणि तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे, हे ओझंही असतंच. बळ्ळारीला आज जे महत्त्व आहे ते काही वर्षांत जाईल. मद्रासची वाट हैदराबादवरून वळेल आणि हे मैदान पुन्हा बकऱ्यांचं होईल. या वाटेवर पहिली डाक आणणारे व्हिन्सेंट १९४२च्या जानेवारीत विलायतेहून परतताना विमानासकट नाहीसे होतील. कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकारानं १९३९मध्ये विमानतळ होईल, पण तिथली विमानं येतील आणि बंद पडतील, पुन्हा येतील, पुन्हा बंद पडतील. ‘उडान’ योजनेत २०१७च्या डिसेंबरात मुंबई-जळगाव सेवा सुरू होईल, २०१८च्या एप्रिलमध्ये मुंबई-कोल्हापूर. जळगावची सेवा लवकरच खंडित होईल आणि मग दुसऱ्या विमानानं पुन्हा चालू होईल.

लोकांना नको होतं म्हणून यातलं एकही विमान थांबलेलं नाही. रुग्णाला घेऊन निघालेलं कुटुंब, मुलाखतीला निघालेली मुलगी, गुऱ्हाळाचा मालक, साखर कारखान्याचा इंजिनिअर, यांना ते हवंच होतं. पण छोट्या विमानात दोन-चार जागा रिकाम्या गेल्या तरी खेप तोट्यात जाते. ती तूट कुणीतरी भरावी लागते. १९३२ला सरकार भरायला तयार नव्हतं, ‘उडान’मध्ये भरतं, तरतूद ठरावीक वर्षांची आणि त्यानंतर मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा. काही मार्ग राहतात, काही नाही. एस.टी.ची मुक्कामी गाडी आडगावाला जाते तेव्हा ती त्या फेरीत किती कमावते हे आपण विचारत नाही, कारण तो रस्ता चालू राहणं हीच गरज आहे असं आपण मानलेलं आहे. लहान शहराच्या विमानाकडेही तसंच बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. एकदा बंद पडलेली सेवा नुसत्या घोषणेनं परत उभी राहत नाही. तिच्यावर विसंबून ज्यांनी व्यवहार बेतले ते लोक दुसऱ्यांदा विसंबायला घाबरतात.

पहाटे मैदानावर या. थंडी आहे, आभाळ स्वच्छ आहे, धुनीचा धूर सरळ वर जातो आहे. तुम्हाला ते सुंदर वाटतं. वैमानिकाला नाही. तो धुराकडे बराच वेळ बघतो.

इथेही काटा आहे. पोस्टाचा कारकून मद्राससाठी थैल्या घेऊन आला आहे, कालपेक्षा जास्त. कागदावर बेरीज होते, मग पुन्हा होते. वारा अजिबात नाही. समोरून वारा असता तर विमान लवकर उचललं असतं. तो नसला की लांब धावावं लागतं. त्यात हे मैदान जुहूसारखं समुद्राला टेकलेलं नाही, साडेचारशे मीटरांहून उंच आहे, इथली हवा तेवढी विरळ. चिखलपट्टीवर जे वजन सहज उचललं ते इथे मैदानाच्या टोकाच्या बाभळी ओलांडायला भारी पडेल. हाच हिशेब आजही चालतो. भर मे महिन्यात आखूड धावपट्टीवरून निघणाऱ्या विमानात काही जागा रिकाम्या सोडाव्या लागतात, आणि चौकटीत उभा असलेला प्रवासी चिडून विचारतो की जागा दिसते आहे तर मला का नाही.

तुम्ही चिडत नाही. कालपासून काट्याभोवती उभे आहात, आकडे तुमच्याही डोळ्यांसमोर मांडले गेलेत. त्या थैल्यांत शेकडो माणसांची पत्रं आहेत. कुणी आठवडाभरापूर्वी लंडनला पाकिटात घातलेली, कुणी काल मुंबईत. त्यांच्या वजनावरच उद्याचं पेट्रोल येणार आहे. वैमानिक तुमच्याकडे बघून मान हलवतो, तुम्ही बॅग उतरवून घेता आणि मघाशी जिथे बसायचं म्हणून ठरवलं होतं तिथे पोस्टाची थैली पट्ट्यानं आवळली जाते. काल तिथे तुम्ही होतात. विमान मैदानाच्या अगदी शेवटच्या कडेपर्यंत धावतं आणि बाभळींच्या थोडंसंच वरून निघून जातं. तुमचं वजन त्यात असतं तर काय झालं असतं, हे सांगायला कुणी नको.

स्टेशनाकडे टांगा आहे. गुंटकलपर्यंत एक गाडी, तिथे मद्रासची दुसरी. टांगेवाला जवळच्या संडूर संस्थानातला; तिथे घोरपड्यांचं राज्य, त्यामुळे कानडीच्या मधे मधे तो मराठीही बोलतो. मुंबईहून केव्हा निघालात, असं विचारतो. काल दुपारी, असं तुम्ही सांगता. तो घोडा थांबवतो, वळून नीट तुमच्याकडे बघतो आणि मग पुढचा प्रश्न विचारतो: विमानातून उतरवलं कशाला?

तुम्ही त्याला काटा, थैल्या, पडलेला वारा, बाभळी, सगळं सांगता. तो ऐकून घेतो.

“म्हणजे वजनाचंच आहे ना,” तो म्हणतो. “मी तर तुमच्या निम्मा आहे. पुढच्या आठवड्यात मला नेतील?”

“विचारून बघा,” तुम्ही सांगता. “पण लवकर या. आधी थैल्या मोजतात.”